घरी गोड वाजणारा कीबोर्ड कार्यालयात चिखल का करतो? रिव्हर्ब आणि त्या बाणवाल्या कॉम्बिनेशन इफेक्टची गोष्ट

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. त्यानं कीबोर्ड घेतलाय, सेकंडहँड पण चांगल्या कंडिशनचा, आणि गावातल्या भजनी मंडळाबरोबर, मधेच एखाद्या हळदीच्या सुपारीला वाजवतो. म्हणाला, "मामा, घरी हेडफोन लावून बसलो की काय भारी वाटतं, आणि कार्यालयात बॉक्सवर लावला की नुसता चिखल. कीबोर्डमध्ये फॉल्ट असेल का?" मी विचारलं, रिव्हर्ब किती ठेवलायस? तर म्हणे, "होता तेवढाच आहे, उलट थोडा वाढवलाय, गोड लागतो म्हणून."

फॉल्ट कशातच नव्हता, ना कीबोर्डमध्ये ना बॉक्समध्ये. आणि हा प्रश्न त्याच्या एकट्याचाही नाही. कीबोर्ड आता घरोघर आलेत, कुठल्याही कंपनीचा असो घरातली मोठी माणसं त्याला कॅसिओच म्हणतात, पोरं क्लासला जातात, सूर-ताल शिकतात, पण मेनूमध्ये रिव्हर्ब, कोरस, डीएसपी, एमएफएक्स असं जे काय लिहिलेलं असतं ते कुणी बसून समजावून देत नाही. मॅन्युअलमध्ये 'रिव्हर्बची लेव्हल इथून बदला' एवढं असतं, का बदला आणि किती बदला हे नसतं. म्हणून भाच्याला फोनवर जे तुकड्यातुकड्यानं सांगितलं ते इथं सलग लिहितोय. एकच गोष्ट डोक्यात ठेवून वाचा: रिव्हर्ब म्हणजे जागा. तुमचं वाद्य कुठं वाजतंय, एवढंच तो कानाला सांगतो.

आधी विहिरीत डोकावू

लहानपणी विहिरीच्या काठावर वाकून आपण सगळ्यांनीच 'ओ' दिलेली आहे. आवाज खाली जातो, पाण्यावर आपटतो, दगडी भिंतींवर आपटतो, परत फिरतो, परत आपटतो, आणि आपला बारकासा 'ओ' जाडजूड होऊन वर येतो. बाथरूममध्ये गुणगुणताना आपला गळा आपल्यालाच बरा वाटतो तेही याच्यामुळंच, टाइल्स आवाज पीत नाहीत, परत फेकतात. आता तीच ओळ गाद्या-रजया रचून ठेवलेल्या खोलीत म्हणून बघा, तोंडातून निघते आणि तिथंच संपते. भिंतींवरून आपटून आलेल्या असंख्य आवाजांचा जो एकजीव पसारा मूळ आवाजामागं रेंगाळतो, तो रिव्हर्ब.

एको वेगळा. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समोरची भिंत १७ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३४ मीटर झाले, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. एवढी फट पडली की कानाला 'हा मूळचा, हा परत आलेला' असं सुटं सुटं कळतं. विजापूरच्या गोल घुमटात शाळेच्या सहलीला गेला असाल तर वरच्या सज्जात एक टाळी मारल्यावर ती कितीदा परत येते हे मोजलं असेल. मोजता येतो तो एको, आणि मोजायच्या आत सगळे एकमेकांवर चढतात तो रिव्हर्ब. कीबोर्डवर एकोचं नाव डिले असं असतं, तेवढं लक्षात असू द्या.

कीबोर्डच्या आत साठवलेला सूर मुळात बराचसा कोरडा असतो. मग आतली चिप हिशोब करते की हाच सूर अमुक एवढ्या हॉलमध्ये वाजला असता तर कुठून, किती उशिरानं, किती बारीक होऊन परत आला असता, आणि तेवढं त्याच्यात मिसळून देते. खोटी खोली बांधते म्हणा ना. मूळ आवाजाला ड्राय आणि घुमून आलेल्याला वेट म्हणतात, मी पुढं कोरडा आणि ओला म्हणणार आहे.

हे घुमणं पहिल्यांदा मोजलं कुणी, आणि त्याचा हळदीशी काय संबंध

१८९५ ची गोष्ट. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठानं फॉग म्युझियमची नवी इमारत बांधली, तिच्यात लेक्चरचा हॉल केला, आणि त्यात बोललेलं कुणाला कळेना. शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास हवेत रेंगाळायचा, पहिला विरायच्या आत पुढचे दहा-पंधरा शब्द त्याच्यावर येऊन पडायचे. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडं हे काम आलं. तो रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या बसायच्या गाद्या उचलून आणायचा, हॉलमध्ये मांडायचा, ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करायचा आणि आवाज पार विरेपर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचा. मग अजून गाद्या, परत मोजणी. दिवस उजाडायच्या आत गाद्या आपल्या जागी. त्यातून त्यानं नियम बांधला की खोली जेवढी मोठी तेवढं घुमणं लांबतं, आणि आवाज पिणाऱ्या वस्तू जेवढ्या जास्त तेवढं ते आखूड होतं. आज ज्याला रिव्हर्ब टाइम म्हणतात तो म्हणजे आवाज ६० डेसिबलनं खाली यायला, त्याची ताकद दहा लाखाव्या हिश्शावर यायला लागणारा वेळ. १९०० मध्ये सुरू झालेला बोस्टनचा सिंफनी हॉल सॅबिनच्या हिशोबावर उभा राहिला, लोकांनी भरलेला असताना त्याचा टाइम दोन सेकंदांच्या जरासा खालीच येतो आणि जगातल्या उत्तम हॉलमध्ये त्याचं नाव घेतात.

आता आपलं मंगल कार्यालय डोळ्यापुढं आणा. खाली ग्रॅनाइट नाहीतर टाइल्स, वर स्लॅब, बाजूला काचा, पडदा कुठं नावाला. आवाज पिणारं असं काहीच नाही. म्हणजे कार्यालयाला स्वतःचाच दणदणीत रिव्हर्ब आहे आणि तो बंद करायचं बटण कुणाकडं नाही. त्यात भाच्याचा कीबोर्ड हॉल रिव्हर्ब लावून बसलेला. एका हॉलचा घुमलेला आवाज घेऊन तो दुसऱ्या हॉलमध्ये परत घुमवायचा, आणि वर ढोलकी, माइक, मुलांचा दंगा. चिखल न होईल तर काय. हेडफोनमध्ये मात्र खोलीच नसते, स्पीकर थेट कानाला लागलेला, त्यामुळं तिथं कीबोर्डची खोटी खोली एकटीच असते आणि म्हणून गोड लागते.

अजून एक, माणूस म्हणजे पण सॅबिनची गादीच. संध्याकाळी पाच वाजता रिकाम्या हॉलमध्ये चेकिंग करता तेव्हा घुमणारा आवाज साडेसातला, पाचशे माणसं आणि पाचशे माणसांचे कपडे आत आले की कितीतरी बसतो. म्हणून चेकिंगच्या वेळी हॉलच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी मारायची आणि शेपूट किती लांब येतं ते ऐकायचं. मी आधी हे करतो, कीबोर्डला मग हात लावतो.

रूम, हॉल, प्लेट ही नावं कुठून आली

रूम म्हणजे खोली, हॉल म्हणजे हॉल, स्टेज त्या दोन्हीच्या मधलं, कॅथेड्रल म्हणजे दगडी मोठं चर्च, यात अडायला होत नाही. अडतं ते प्लेटला. जुन्या स्टुडिओवाल्यांना प्रत्येक गाण्यासाठी मोठा हॉल कुठून परवडणार, तर त्यांनी पोलादाचा मोठा पातळ पत्रा चौकटीत ताणून टांगला, एका ठिकाणी आवाजानं तो थरथरवायचा आणि दुसऱ्या ठिकाणी ती थरथर पकडायची. ईएमटी नावाच्या जर्मन कंपनीनं १९५७ मध्ये आणलेलं १४० नंबरचं मॉडेल यात सगळ्यात गाजलं, वजन अडीचशे किलोच्या वर. पत्र्याचं घुमणं सुरुवातीपासून दाट आणि चकचकीत असतं, गळ्याला आणि सोलो वाद्याला शोभतं. स्प्रिंग रिव्हर्बमध्ये पत्र्याच्या जागी स्प्रिंगा, हॅमंड ऑर्गनमध्ये होत्या, मग गिटारच्या अँपमध्ये आल्या. पुढं १९६० च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मॅनफ्रेड श्रोडर यांनी हे सगळं आकडेमोडीनं करता येतं असं दाखवलं, आणि तुमच्या कीबोर्डमधली चिप त्याच वाटेवरची आहे. पत्रा गेला, स्प्रिंग गेली, नावं राहिली.

आतले आकडे: टाइम, प्री-डिले, डॅम्प, लेव्हल

टाइम म्हणजे शेपूट किती लांब, ते आत्ताच झालं. द्रुत लयीचं गाणं असेल तर शेपूट आखूडच हवं, एक सूर विरायच्या आत पुढचे चार सूर येणार असतील तर लांब शेपटाचा उपयोग नाही. संथ अभंग असेल, सूर लांबवायचे असतील, तर थोडं लांब चालतं.

प्री-डिले म्हणजे मूळ सूर निघाल्यावर किती वेळानं घुमायला सुरुवात होणार. मोठ्या हॉलमध्ये भिंत लांब, म्हणून पहिलं परत येणं उशिरा. हा आकडा मिलिसेकंदात असतो आणि लोक त्याच्याकडं बघतच नाहीत, पण माझ्या मते सगळ्यात कामाचा हाच. २०-३० मिलिसेकंद ठेवला की सुराची पहिली ठोस कडा, पियानोची टक, संतूरचा ठोका, स्वच्छ ऐकू येतो आणि घुमणं त्याच्या मागून येतं. शून्यावर ठेवला तर दोन्ही एकदम आदळतात आणि सूर बोथट होतो. साध्या कीबोर्डवर हे सेटिंग नसतं, असेल तर नक्की वापरून बघा.

डॅम्प म्हणजे खोलीत पडदे-गालिचे किती. वाढवला की घुमण्यातली तीक्ष्ण, चिरचिरी बाजू लवकर विरते आणि ऊबदार भाग राहतो. खरी खोली असंच करते.

आणि लेव्हल, म्हणजे घुमणं किती मिसळायचं. ही बहुतेक ठिकाणी ० ते १२७ अशी असते, हा विचित्र आकडा कुठून आला तर कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या मिडी या पद्धतीत एका आकड्याला सात बिट मिळतात आणि सात बिटांत १२८ पायऱ्या बसतात. (मिडीमध्ये रिव्हर्बचा कंट्रोल नंबर ९१ आणि कोरसचा ९३, मिडी फाइल लावून वाजवणाऱ्यांनी लिहून ठेवा, फाइलमध्ये ९१ भरमसाट असला तर तुम्ही पॅनलवर काहीही करा, गाणं सुरू झालं की तो परत वर जाणार.) यामाहाची एक्सजी आणि रोलँडची जीएस या दोन्ही पद्धतींत सुरुवातीचा आकडा ४० असतो. १२७ पैकी ४०. म्हणजे कंपनीसुद्धा एक तृतीयांशाच्या खालीच सुरुवात करते, आणि आपली पोरं ९०-१०० वर नेऊन ठेवतात.

खोली एकच, माणसं अनेक

इथं नेमकी गल्लत होते म्हणून जरा थांबून सांगतो. बहुतेक कीबोर्डमध्ये रिव्हर्ब एकच असतो. उजव्या हाताचा व्हॉइस म्हणजे निवडलेल्या वाद्याचा आवाज, त्याच्यावर लेयर केलेला दुसरा व्हॉइस, डाव्या हाताला वेगळा दिलेला स्प्लिट, मागं आपोआप वाजणारी स्टाइल, ड्रम, सगळे त्याच एका रिव्हर्बमध्ये जातात. तुम्ही टाइप हॉल केला की सगळेच हॉलमध्ये गेले, एकाला रूम आणि एकाला हॉल असं होत नाही. पण कुणी किती आत जायचं हे प्रत्येकाचं वेगळं ठरवता येतं, त्याला सेंड म्हणतात.

देवळाच्या सभामंडपात भजन चाललंय असं धरा. मंडप सगळ्यांना एकच. पण विणेकरी बुवा तुमच्यापुढं उभे आहेत, टाळकरी त्यांच्या मागं, आणि कुणीतरी पार गाभाऱ्याच्या दाराशी बसून सूर धरतोय. जवळच्या माणसाचा आवाज तुमच्याकडं थेट जास्त येतो, लांबच्याचा भिंतींवरून फिरून जास्त येतो. कानाला अंतर कळतं ते याच्यावरूनच, थेट किती आणि फिरून किती. म्हणून सेंड वाढवला की वाद्य मोठं नाही होत, मागं सरकतं. भाचा बासरीचा रिव्हर्ब वाढवत होता बासरी उठून दिसावी म्हणून, आणि ती उलट मंडपाच्या मागच्या भिंतीला जाऊन चिकटत होती. मुख्य सूर पुढं हवा तर त्याचा सेंड कमी. मागं पसरलेले स्ट्रिंग्ज, पॅड, त्यांचा जास्त. आणि बेस गिटार, किक ड्रम, तबल्याचा डग्गा यांना जवळजवळ नाहीच, कारण खालचे सूर घुमायला लागले की सगळ्या गाण्याखाली पाणी साचल्यासारखं होतं.

याच्या उलट डीएसपी किंवा एमएफएक्स नावाचे जे इफेक्ट असतात ते एका आवाजाच्या अंगावर घातलेले असतात. मंडप सगळ्यांचा, शाल ज्याची त्याची.

शालीचे प्रकार, थोडक्यात

कोरस: एक माणूस गातो ते आणि दहा माणसं एकाच सुरात गातात ते, यात दहाजण कधीच तंतोतंत एकत्र नसतात, कुणी केसभर मागं, कुणी केसभर वर, त्या किंचित फरकातून आवाज रुंद होतो. कोरस इफेक्ट सुराची एक नक्कल काही मिलिसेकंद उशिरा लावतो आणि तो उशीर हळूहळू कमीजास्त करत राहतो. फ्लँजरमध्ये उशीर त्याहून बारीक आणि नक्कल परत स्वतःतच फिरवलेली, विमान डोक्यावरून गेल्यासारखं होतं. डिले म्हणजे एको, तो झाला. ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन आवाज मुद्दाम फाडतात, पहिला कमी, दुसरा जास्त. एन्हान्सर वरच्या बाजूला चमक आणतो. रोटरी म्हणजे गोल फिरणाऱ्या लेस्ली स्पीकरची नक्कल, ऑर्गनला तीच शोभते.

बाणवाले कॉम्बिनेशन

आता खरा विषय. रोलँडच्या ज्युनो-डीएससारख्या कीबोर्डची एमएफएक्सची यादी उघडली की त्यात कॉम्बिनेशन म्हणून एक गट दिसतो आणि त्यात बारा नावं असतात: ओव्हरड्राइव्हकडून कोरसकडं बाण, ओव्हरड्राइव्हकडून फ्लँजरकडं, ओव्हरड्राइव्हकडून डिलेकडं, तेच तीन डिस्टॉर्शनला, तेच तीन एन्हान्सरला, आणि शेवटी कोरसकडून डिले, फ्लँजरकडून डिले, कोरसकडून फ्लँजर. पोरांना वाटतं दोन इफेक्ट एकत्र दिलेत, जोडी आहे. जोडी नाही, क्रम आहे. बाण म्हणजे आधी हे, मग ते.

कपडे धुवून मग इस्त्री करतात. इस्त्री करून मग धुतले तर कामं तीच दोन झाली, पण अंगात घालायला जे आलं ते वेगळं. इथं पण तसंच. लीड गिटारचा टोन घ्या. ओव्हरड्राइव्ह आधी आणि डिले नंतर असेल तर सूर फाटतो, खरखरीत होतो, आणि मग त्या खरखरीत सुराच्या स्वच्छ, मोजता येतील अशा नकला मागून येतात. आता उलटं करा, डिले आधी आणि ओव्हरड्राइव्ह नंतर. पहिल्या सुराची नक्कल अजून वाजतेय, तेवढ्यात तुम्ही दुसरा सूर दाबलात, आणि दोन्ही मिळून फाडणाऱ्या मशीनमध्ये गेले. फाडणाऱ्या इफेक्टची खोड अशी की त्यात दोन सूर एकदम गेले की तो दोघांच्या बेरजे-वजाबाकीचे तिसरे-चौथे सूर तयार करतो जे तुम्ही वाजवलेलेच नसतात, आणि ते गाण्याच्या पट्टीत बसतीलच असं नाही. म्हणून फाडायचं ते आधी, एकट्या सुरावर, पसरवायचं ते नंतर, आणि जागा म्हणजे रिव्हर्ब सगळ्यात शेवटी. या बारा नावांत डिले कुठं पहिला आला का बघा. नाही. बनवणाऱ्यांनी तो क्रम आधीच ठरवून दिलाय.

याच कारणानं फाटलेल्या टोनवर डाव्या हातानं पूर्ण कॉर्ड दाबू नका, सा-प एवढंच दाबा, खणखणीत येईल. सा-ग-प दाबलं की गुरगुर सुरू.

एक टोन जवळून बघू. इलेक्ट्रिक पियानो घ्या, संथ भावगीताच्या मागं वाजेल असा. सगळे इफेक्ट बंद करा आणि दोन मिनिटं तसाच कोरडा वाजवा, कान ताळ्यावर येतो. मग एमएफएक्समध्ये कोरसकडून डिले हे कॉम्बिनेशन लावा. कोरसचा रेट, म्हणजे तो उशीर किती भरभर कमीजास्त होतो, अगदी कमी, सेकंदाला अर्धा फेरा किंवा त्याहून कमी, नाहीतर सूर डुलायला लागतो. प्रत्येक टप्प्याला बॅलन्स असतो, स्क्रीनवर डी आणि डब्ल्यू असं दिसतं, डी कोरडा, डब्ल्यू ओला, तर कोरसचा ओला भाग ३०-३५ च्या वर नको. डिलेचा वेळ मनानं नाही टाकायचा, हिशोबानं: ६०,००० ला गाण्याच्या टेंपोनं भागा. टेंपो १०० असेल तर ६०० मिलिसेकंद म्हणजे बरोबर एक मात्रा. अर्ध्या मात्रेला ३००. असा टाकला की नक्कल ठेक्यात पडते आणि तबल्याशी भांडत नाही. डिलेचा ओला भाग १०-१५, ऐकू येतोय असं कळायला नको पण बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटायला हवं. फीडबॅक, म्हणजे नक्कल परत किती वेळा यायची, एक-दोनदाच. आणि आता शेवटी रिव्हर्बचा सेंड उचला, प्लेट, २५ च्या आसपास. तीन इफेक्ट आहेत, ऐकणाऱ्याला मात्र फक्त एक गोड पियानो ऐकू येतो.

"पॅचमध्ये भारी वाजतो, परफॉर्मन्समध्ये घेतला की लेचापेचा"

ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकलीय. त्याचं कारण शालींचा तुटवडा. पॅच म्हणजे एक तयार टोन, तो एकटा असतो तेव्हा एमएफएक्स त्याचाच. पण दोन-चार पॅच एकत्र करून परफॉर्मन्स किंवा लेयर केलात की चिपच्या ताकदीप्रमाणं मोजकेच एमएफएक्स वाटायला असतात, ज्युनो-डीएसमध्ये तीन, साध्या कीबोर्डमध्ये एकच. बाकीचे पॅच उघडे राहतात किंवा दुसऱ्याच्याच शालीत घुसतात. आवाज बिघडलेला नसतो, त्याचा इफेक्ट सुटलेला असतो. मेनूत जाऊन कुठला पार्ट कुठल्या एमएफएक्सला जोडलाय ते बघा आणि ज्याला खरंच लागतो, म्हणजे ऑर्गन, गिटार, इलेक्ट्रिक पियानो, त्याला आधी द्या. स्ट्रिंग्जचं नुसत्या रिव्हर्बवर भागतं.

"कंपनीनं विचार करूनच सेटिंग दिलं असेल ना?"

दिलंय, पण कशासाठी ते बघा. दुकानात गिऱ्हाईक एकच टोन वाजवतं, मागं ना ढोलकी ना गायक, आणि दहा सेकंदांत त्याला आवडायला हवं. त्यामुळं प्रत्येक टोन एकटाच सगळी जागा भरेल असा सजवलेला असतो. चार वाद्यांत बसायचं म्हटलं की तीच सजावट अडचण होते. फॅक्टरी सेटिंग चूक नाही, ते एकट्यानं वाजवायचं सेटिंग आहे.

"साउंडवाला मिक्सरवर देतोच की इफेक्ट"

देतो, आणि म्हणूनच तुमचा कमी हवा. मिक्सरचा रिव्हर्ब बहुतेक गायकाच्या माइकसाठी असतो आणि तोच तुमच्या चॅनेलला पण चुकून उघडलेला असतो. म्हणजे कीबोर्डचा एक, मिक्सरचा दुसरा, कार्यालयाचा तिसरा. चेकिंगला जाताना साउंडवाल्या दादांना सरळ सांगायचं, "दादा, कीबोर्डला तुमच्याकडून रिव्हर्ब नको, माझा आहे." मी तरुणपणी हे न सांगता एका लग्नात वाजवलं होतं, मंगलाष्टकांच्या मागं स्ट्रिंग्ज धरले होते, आणि भटजींचा एकही शब्द मांडवात कुणाला कळला नाही. नवरीच्या वडिलांनी नंतर येऊन शांतपणे विचारलं, तुमचं मशीन खराब झालं होतं का. ते अजून आठवतं.

"पण रिव्हर्ब काढला की आवाज भुंडा लागतो"

लागतो, घरी. म्हणून घरी ठेवा की. गाद्या, पडदे, कपाटं असलेल्या खोलीत कोरडा कीबोर्ड खरंच रुक्ष वाटतो, रेकॉर्डिंगला थेट वायर लावली तर त्याहून जास्त. तिथं रिव्हर्ब हवाच. उघड्या मैदानावर, जत्रेत, गणपतीच्या मांडवात, जिथं भिंतीच नाहीत, तिथं पण थोडा वाढवावा लागतो. कमी करायचा तो बंद, टणक भिंतींच्या हॉलमध्ये. आकडा एकच कायमचा नसतो, जागा बदलली की तो बदलतो.

एकाच वायरवर वाजवत असाल तर

आपल्याकडं बहुतेक कार्यक्रमांत साउंड मोनो असतो, दोन्हीकडच्या बॉक्समधून एकच आवाज. कोरस, फ्लँजर, रोटरी हे मात्र डावं-उजवं वेगळं करून रुंदी आणतात. ती दोन्ही बाजू एकत्र केल्या की काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि हेडफोनवरचा भरदार टोन बॉक्समधून पोकळ येतो. वायर एकच असेल तर डावीकडच्या, मोनो असं लिहिलेल्या जॅकमध्येच लावा, उजव्या जॅकमध्ये काही लावू नका, म्हणजे कीबोर्ड स्वतः दोन्ही बाजू नीट मिसळून देतो. आणि त्या टोनचा कोरस अर्ध्यावर आणा. घरीच एक वायर एका स्पीकरला लावून सगळे टोन ऐकून ठेवले तर कार्यक्रमात धक्का बसत नाही.

शिकणाऱ्या मुलांसाठी

आईवडील हा प्रश्न विचारतात म्हणून. रियाजाला रिव्हर्ब शून्य. बोट कधी उचललं, दोन सुरांत फट पडली का, ठोका सारखा आला का, हे सगळं ओला आवाज झाकून टाकतो आणि मुलाला वाटतं आपलं जमलं. त्यातून सस्टेन आणि रिव्हर्ब एकच समजायची चूक होते. सस्टेन पेडल सूरच लांबवतं, कळ दाबून धरल्यासारखं. रिव्हर्बमध्ये सूर संपलेला असतो, खोली बोलत असते. दोन्ही एकदम लावून अलंकार वाजवले तर सरगम मोजता येत नाही. अर्धा तास कोरडं वाजवू द्या, मग शेवटचं गाणं हॉल लावून वाजवू द्या, मुलांना ते फार आवडतं.

सेव्ह करा

एवढं सगळं केल्यावर बहुतेक जण कीबोर्ड बंद करतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं. राइट, सेव्ह किंवा रजिस्ट्रेशन, तुमच्या मॉडेलला जे बटण असेल ते दाबून टोन युजर मेमरीत टाकायचा. मी प्रत्येक टोनच्या दोन कॉप्या ठेवतो, एक रिव्हर्बसकट, एक जवळजवळ कोरडी, म्हणजे हॉलमध्ये टाळी मारली आणि शेपूट लांब आलं की मेनूत शिरायची गरज नाही, बटण बदललं की झालं. भाच्याच्या कीबोर्डमध्ये आता बासरी दोनदा आहे, एकीचं नाव घर, दुसरीचं कार्यालय, आणि कार्यालयवालीचा रिव्हर्ब १२ वर आहे.